हरिद्रा हाइट्स, फेज दोन

पेपरात येतं, हरिपूर रस्त्याला
अपार्टमेंटचं पेव फुटलंय.
लिहिणाऱ्यानं पेव बघितलेलं नसणार.
पेव आपण होऊन फुटत नाही, फोडावं लागतं,
आणि फोडल्यावर अर्धा दिवस
त्याच्या तोंडाशी कुणी जायचं नसतं.

हे मला रायगोंडा मगदूम यांनी सांगितलं,
गेल्या मार्गशीर्षात,
जेसीबीचं पुढचं चाक जमिनीत गेलं
त्याच्या दुसऱ्या दिवशी.

मी साइटवर हजेरी लिहिते.
चाक गेलं तेव्हा सगळे मागं पळाले.
मला खालून वास आला,
लग्नघरातला नव्हे,
जखमेवर दाबतात त्या हळदीचा.
लहानपणी आम्ही इथंच मागच्या पत्र्याच्या ओळीत राहायचो.
आता कुपवाडला, गुंठेवारीत.
म्हणजे दहा वर्षं आम्ही पोकळीवर झोपलो
आणि कुणी सांगितलं नाही.

इंजिनिअर म्हणाले, पुण्याहून मशीन मागवू,
दिवसाचे अठरा हजार.
मुकादम म्हणाला, मगदूमअण्णा चहावर येतील.

आले. हातात बांबू, बांबूला खाली लोखंडी बूच.
चपला गेटपाशी काढल्या.
कशाला, खडी टोचेल, मी म्हटलं.
‘पायाला ऐकू येतंय गं. चपलंला न्हाई.’

ठक. ठक. ठक. ठक.
ढब्.
‘टाक फक्की.’
मी वाकून गोल काढला.
हे दोशींच्या पेढीचं.
हे महाबळांचं, दर पडला म्हणून चार वर्षं उघडलंच नाही,
माल जसाच्या तसा, किडा नाही.
ह्याला तोंड लहान, पोट मोठं,
उतरताना खांदे चोरून घ्यायला लागायचे.
आधी कंदील सोडायचा. जळत राहिला तर माणूस.
‘दत्तू खोत कंदील न सोडताच उतरला.’
ते कुठलं, मी विचारलं.
‘हाय पुढं.’

पाच साली नदी आत शिरली.
दीड महिना हात पिवळे होते, म्हणाले,
मग कुणी बोलावलं नाही.

दिवस कलेपर्यंत अकरा गोल झाले.
भिंतीलगत, नकाशात मोकळी सोडलेली पट्टी आहे तिथं,
बांबू पुन्हा ढब् वाजला.
मी घमेलं घेऊन वाकले.
‘इथं काय न्हाई.’
मी त्यांच्याकडे बघितलं.
ते नदीकडे बघत होते, म्हणजे नदी जिकडे आहे तिकडे,
मध्ये फेज एकचे सात मजले.

व्हाउचरवर कामाचं स्वरूप लिहायला लागतं.
सर्व्हे लिहिलं, खोडलं.
मजुरी लिहिलं, तेही खोडलं.
शेवटी किरकोळ, रुपये सातशे.
त्यांनी सावकाश सही केली,
आडनावाआधी टिंब दिलं
आणि पेन टोपण लावून परत दिलं.

अकरा पेवांत मुरूम गेला, वर काँक्रीट.
एकेकात दहा-दहा गाड्या.
मालक चिडले, एवढं काय खातंय रे हे?
मग पिलर आले, पार्किंग आलं,
ब्रोशर आलं: पूररेषेच्या वर, वास्तुशास्त्रानुसार,
कोपऱ्यात हळदीचं पान.
नमुना फ्लॅटमध्ये चंदनाचा स्प्रे मारतात.

भिंतीलगत आता लॉन आहे.
माळी कुरकुरतो,
बाकी सगळीकडे पाणी साचतं, मॅडम,
एवढ्या तुकड्यात कितीही सोडा, ठरतच नाही.
ऊन लागत असेल, मी म्हणते.

दुपारी डबा खाऊन झाला
की मी तिकडं एक चक्कर मारते.
चपला काढून.